नवव्या बाईचं बोलणं

डबिंग स्टुडिओत सगळे जिला ताई म्हणत, ती पोटापाण्यासाठी मरायची. परदेशी मालिका आपल्या भाषेत आल्या आणि त्यात एखादी बाई गळा दाबून, पाण्यात बुडवून किंवा जिन्यावरून ढकलून मारली गेली, की तो शेवटचा आवाज बहुधा ताईचा असायचा. या कामात तिचं नाव होतं. म्हणजे नाव कुणाला माहीत नव्हतं, पण किंकाळी सगळ्यांच्या ओळखीची होती.

ताई हे काम मन लावून करायची. जिन्यावरून पडणारी बाई आधी चकित होते आणि मग घाबरते, बुडणारी बाई ओरडून श्वास वाया घालवत नाही, अशी तिची मतं होती आणि ती ऐकायला कुणालाही वेळ नव्हता. सुरुवातीला, लग्नाआधी, ती घरी सराव करायची. पहिल्या दिवशी शेजारचे दोघं काठ्या घेऊन धावत आले. दुसऱ्या दिवशी एकच आला, तोही काठी न घेता. पुढे पुढे वरच्या मजल्यावरून नुसते पाय आपटल्याचे आवाज यायला लागले. हळू मरा, असा त्याचा अर्थ.

गेली दोन वर्षं मात्र ती एकाच माणसाच्या हातून मरत होती. मालिकेचं खरं नाव लांबलचक होतं, लोक तिला नुसतं 'मेकॅनिक' म्हणत. नायक वॉशिंग मशीन दुरुस्त करायचा. उंच, खांद्यात किंचित वाकलेला, आणि डोळे असे की आत्ताच कुणाला तरी स्मशानात पोचवून आलाय. एकट्या बायकांच्या घरी जायचा, मशीन उघडायचा, बिघाड काढायचा, साबणाने हात धुवायचा आणि मग बाईला मारायचा. निघताना मशीनवर हात फिरवून म्हणायचा, "आता नीट चालेल." हे वाक्य छापलेले टीशर्ट बाजारात आले होते. लहान मुलांच्या मापातही.

"काही म्हणा, पण मशीन नीट करून जातो हो," ताईच्या सासूबाई म्हणायच्या. "आपला तो मेला कितीदा येऊन गेला, अजून खालून पाणी गळतंय."

"आई, तो खून करतो," ताईचा नवरा म्हणायचा.

"करतो ना. मी कुठे नाही म्हणते? पण का करतो ते बघशील की नाही? आईनं लहानपणी कोळशाच्या खोलीत कोंडून घातलं होतं त्याला."

"मलाही तू कोंडलं होतंस. अख्खी दुपार."

"मग? तू काय दिवे लावलेस? मीटर वाचतोस."

नवरा पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचायचा. यावर तो पेपर उघडून बसायचा.

एकट्या सासूबाईंना बोल लावण्यात अर्थ नव्हता. सगळं शहरच त्या माणसावर जीव टाकून बसलं होतं. सलूनमध्ये 'मेकॅनिक कट' मिळायचा. टीव्हीवर दर रविवारी चर्चा व्हायची. तिला एक मानसोपचारतज्ज्ञ, एक निवृत्त फौजदार आणि एक केशभूषाकार बसायचे, आणि समाज दोषी आहे यावर तिघांचं एकमत असायचं. समाज हा आरोपी फार सोयीचा. कोर्टात पुकारा झाला तर उठून उभं राहायला कुणी नसतं. मारल्या गेलेल्या आठ बायकांबद्दल त्या चर्चेत एकदाच प्रश्न आला होता. तेव्हा जाहिराती लागल्या.

आता शेवटचे भाग यायचे होते. मालिका बनवणाऱ्या परदेशी कंपनीने दोन शेवट तयार ठेवले होते, एकात फाशी आणि एकात सुटका, आणि निवाडा प्रेक्षकांवर सोपवला होता. ज्याला टीव्ही घेणं परवडतं तो न्यायाधीश. सासूबाईंनी स्वतःच्या फोनवरून सुटकेला मत दिलं, मग मुलाच्या फोनवरून दिलं, आणि ताई अंघोळीला गेली तेव्हा तिच्याही फोनवरून दिलं. आठ वेळा जिचा जीव गेला होता, तिनेही आरोपीला माफ केल्याची नोंद अशी झाली.

"माझ्या फोनवरून कशाला दिलंत?" ताईने विचारलं.

"तू देणार नव्हतीस म्हणून," सासूबाई सरळ म्हणाल्या.

ताईने फोन परत घेतला. बोलायचा तिला कंटाळा आला होता. शिवाय तिच्या डोक्यात तेव्हा दुसरंच होतं. शेवटून दुसऱ्या भागात मेकॅनिक बँकेत काम करणाऱ्या एका बाईला मारतो. ही नववी. आणि या बाईला संवाद होते! आतापर्यंतच्या आठजणींना 'कोण आहे?', 'या ना' आणि किंकाळी एवढंच बोलायला मिळालं होतं. नववी मात्र तोंडावर बोलायची. चांगली दोन पानं बोलायची. ताईने ती पानं घरी आणून मोरीत, गॅससमोर, कपडे वाळत घालताना पुटपुटत पाठ केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आपल्याला मरण्याआधी काहीतरी म्हणायचं आहे, हे तिला फारच अपूर्वाईचं वाटत होतं.

आणि सोमवारी छोट्या सरांनी तिला सांगितलं की संवाद जाणार.

छोटे सर म्हणजे स्टुडिओच्या मालकांचे चिरंजीव, डबिंगचं दिग्दर्शन तेच करायचे. मोठे सर हयात होते, पण या धंद्याला विटून त्यांनी घरी मत्स्यालय केलं होतं. मासे तोंड उघडतात, पण त्यात आवाज भरावा लागत नाही, असं म्हणायचे.

"सीन आहे ताई, सीन आहे," छोटे सर समजावत होते. "फक्त तुमच्या संवादांवर म्युझिक येईल. कंपनीचा निरोप आहे. मतं सगळी सुटकेकडे चाललीत. त्याला सोडायचं आणि त्याच्या आधी ही बाई एवढं बोलणार, तर लोकांचा मूड जातो."

"मग मी काय करू?"

"किंकाळी. तीही नवीन नको, साठ्यातली घेतो. तुमची ती जुनी आहे ना, चौथ्या बाईची, ती बसेल बघा मस्त."

"चौथी जिन्यावरून पडली होती. ही खुर्चीत बसलेली आहे."

"ताई, कुणाला कळतं हो?"

हेच तर तिचं दुखणं होतं. पण ते छोट्या सरांना सांगून उपयोग नव्हता. सांगायचं तर अण्णांना.

अण्णा म्हणजे मेकॅनिकचा आवाज. साठीच्या जवळ आलेले, मधुमेही, खिशात नेहमी खडीसाखरेऐवजी बडीशेप. आधी त्यांचा आवाज लिफ्टमध्ये 'दरवाजा बंद होत आहे' म्हणायचा आणि त्याकडे कुणी लक्ष द्यायचं नाही. मेकॅनिक मिळाला आणि अण्णांचं नशीब उघडलं. सत्कार व्हायला लागले. बायका त्यांच्या पायाशी तान्ही मुलं आणून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "अण्णा, ते म्हणा ना एकदा." अण्णा बाळाच्या डोक्यावर हात ठेवून, दुखऱ्या मऊ आवाजात म्हणायचे, "आता नीट चालेल." बाळ झोपायचं. कंपनीत आता अण्णांच्या शब्दाला वजन होतं. कराराच्या कागदावरच होतं की मेकॅनिकचं एकही वाक्य कापायचं नाही, झाकायचं नाही.

चहाच्या मशीनपाशी ताईने त्यांना गाठलं.

"अण्णा, तुम्ही एक शब्द टाका ना. माझे संवाद राहू द्या म्हणावं."

अण्णांनी चहा ढवळला. बिनसाखरेचा होता, तरी ढवळला. "टाकला असता हो ताई. पण त्याचं नुकसान होईल ना."

"कुणाचं? छोट्या सरांचं?"

"नाही हो. त्याचं. मेकॅनिकचं." अण्णांचा चेहरा खरोखर कष्टी झाला होता. "मी ऐकलंय की ती बाई जरा टाकून बोलते त्याला. आधीच पोरगं होरपळलेलं. आठजणींपैकी एकीनं तरी त्याचं काही समजून घेतलं का?"

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. "अण्णा, तुम्ही त्या आठजणींचं ऐकलंय?"

"मी कुठून ऐकणार? आपल्याकडे पद्धत तुम्हाला माहीत नाही का?"

पद्धत मोठ्या सरांची होती. माईकसमोर एका वेळी एकच माणूस. कागदावर फक्त त्याची वाक्यं. समोर पडद्यावर चित्र, कानात स्वतःचा आवाज, आणि बाकीचे सगळे आवाज बंद. मोठे सर म्हणायचे, दुसऱ्याचं ऐकायला लागलात की ओठ चुकतात. ओठ बघा, ओठ. त्यामुळे अण्णांनी दोन वर्षांत आठ बायका मारल्या होत्या, पण एकीचाही आवाज त्यांच्या कानावर पडला नव्हता. त्यांच्यापुरत्या त्या बायका नुसतं तोंड उघडायच्या आणि मिटायच्या, मोठ्या सरांच्या माशांसारख्या. आणि घरी मालिका बघायची तर ती रात्री नऊला लागायची आणि साडेआठला अण्णांची गोळी असायची. गोळी घेतली की ते झोपायचे.

"असं करू अण्णा," ताई म्हणाली. "वजन वगैरे राहू द्या. एकदाच आपण दोघं एका खोलीत उभं राहून हा सीन बोलू. तालीम म्हणून. मग संवाद गेले तरी माझं काही म्हणणं नाही. कुणीतरी एकानं ऐकलं एवढं होईल."

अण्णा सभ्य माणूस. नाही म्हणणं त्यांना जमायचं नाही. छोटे सरही तयार झाले, कारण त्यांना जेवायला जायचं होतं आणि वाद घालण्यापेक्षा हो म्हणणं लवकर उरकतं. अडचण एवढीच निघाली की खोलीत माईक एकच होता. दुसरा शेजारच्या खोलीत सशांकडे गेला होता. तिथे मुलांची कार्टून मालिका चालली होती.

"एकावरच बोला. तालीम तर आहे," छोटे सर म्हणाले. काचेपलीकडे बसून त्यांनी सवयीने रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. ते तर कुणी खोकलं तरी दाबायचे.

दोघं माईकच्या दोन बाजूंना उभे राहिले. पडद्यावर बँकेतली बाई खुर्चीत बसलेली, दाराची कडी आतून लावलेली, मेकॅनिक हात पुसतोय.

अण्णांनी सुरुवात केली. तो दुखरा मऊ आवाज खोलीत पसरला. "माझी आई मला कोळशाच्या खोलीत ठेवायची. उजेड नसायचा. तुला माहितीये, उजेड नसला की मुलाचं काय होतं?"

ताई बोलली. ओरडली नाही. दिवसभर काउंटरवर बसून आलेली बाई बोलेल तशी बोलली. "हे आधीच्या बायकांनाही सांगितलंस?"

"सगळ्यांना सांगितलं. सगळ्या रडल्या माझ्यासाठी."

"आणि त्यांनी काय सांगितलं?"

पडद्यावर मेकॅनिकचे ओठ हलले. आवाज आला नाही. अण्णा ताईकडे बघत होते. कागद हातात होता, वाक्य समोर होतं, पण त्यांचं लक्ष ओठांवर नव्हतं.

"अण्णा, क्यू गेला!" काचेमागून छोटे सर ओरडले. "मागे घेतो."

पुन्हा कोळशाची खोली झाली. पुन्हा सगळ्या रडल्या. पुन्हा ताईने विचारलं, "आणि त्यांनी काय सांगितलं? त्यांचं काही ऐकलंस का?"

या खेपेला वाक्य आलं. "त्यांनी काही सांगितलं नाही." पण ते दुखरं नव्हतं, मऊ तर नव्हतंच. लिफ्टमध्ये दरवाजा बंद होतो हे सांगणाऱ्या माणसासारखं होतं, आणि त्याला स्वतःलाच ते खोटं आहे हे कळल्यासारखं.

ताई थांबली नाही. "मशीनमध्ये माझ्या मुलीचा गणवेश आहे. तू आलास तेव्हा मी तो धुवायला टाकला होता. उद्या तिला शाळेत जायचंय. मशीन तू नीट केलंस, बरं केलंस. पण तो काढून वाळत कोण घालणार? तू घालणार आहेस? तुझ्या आईनं तुझं काय केलं ते मला सांगितलंस. आता माझ्या मुलीला कोण काय सांगणार, तेही सांग. मला ऐकायचंय. मी इथेच बसलेय."

पडद्यावर ती बाई खुर्चीतच मेली. मग मेकॅनिक मशीनकडे गेला, त्यावर हात फिरवला.

"आता नीट चालेल," अण्णा म्हणाले.

शेजारून सशांचं हसणं ऐकू येत होतं. छोटे सर काचेमागून आत आले.

"अण्णा, हे... हा आपला मेकॅनिक वाटत नाही."

"नाही ना?"

"नुसता खुनी वाटतोय."

"मग बरोबर आहे," अण्णा म्हणाले आणि हेडफोन काढून खुंटीला अडकवले.

छोट्या सरांनी घड्याळ बघितलं. भाग संध्याकाळी पाठवायचा होता. "अण्णा, पाच मिनिटं बसा, बडीशेप खा, मग तुम्ही एकटे करू. ताईंचा आवाज बंद ठेवतो. नेहमीसारखं."

"आता बंद ठेवून काय करू? मला ऐकू येणारच."

"अण्णा, लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणोत. घसा बसला म्हणून सांगा. मी थकलोय रे बाबा. दोन वर्षं मी त्याची समजूत काढतोय, आणि मला वाटत होतं की पलीकडे कुणी बोलतच नाहीये."

ते खरंच निघून गेले. जिन्यात त्यांना एका बाईने तान्हं मूल दाखवलं, तर त्यांनी मुलाचा पापा घेतला आणि काही न बोलता खाली उतरले. बाईला ते फार लागलं म्हणे.

छोटे सर डोकं धरून बसले. मग खरी अडचण त्यांच्या लक्षात आली आणि त्यांनी अजून घट्ट डोकं धरलं. अण्णांच्या वाक्यांचं दुसरं रेकॉर्डिंग नव्हतं, आणि ती झाकता-कापता येत नव्हती, करार तसा होता. त्यामुळे तालमीचा रेकॉर्ड झालेला टेक वापरणं भाग होतं. आणि तालमीच्या टेकमध्ये दोघांचे आवाज एकाच माईकवर, एकाच्या शेवटच्या शब्दावर दुसऱ्याचा पहिला शब्द चढलेला, असे एकमेकांत कालवलेले होते. ताईवर म्युझिक घालायचं तर ते अण्णांवरही चढत होतं. ताईला कापायचं तर अण्णाही कापले जात होते. आजवर स्टुडिओत असा घोळ झाला नव्हता, कारण आजवर दोन माणसं एकमेकांसमोर उभी राहून बोललीच नव्हती.

"ताई, तुम्ही हे मुद्दाम केलंत?"

"माईक तुम्ही सशांना दिला होता," ताई म्हणाली आणि डबा धुवायला गेली. पाणी जरा जास्तच वेळ चालू राहिलं.

भाग तसाच गेला. कंपनीत आपली भाषा समजणारं कुणी नव्हतं; त्यांनी ओठ तपासले. ओठ जुळत होते.

प्रक्षेपणाच्या दिवशी सासूबाई चष्मा पुसून वेळेआधीच टीव्हीसमोर बसल्या. नवरा कोपऱ्यात पेपर घेऊन होता. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात पातेलं पुसायचं फडकं. पातेलं आत राहिलं होतं. मेकॅनिकमधल्या मरणाऱ्या बायकांचा आवाज आपला आहे, हे तिने घरात कधी फोडून सांगितलं नव्हतं. सासूबाई सगळ्यांना 'सून मेकॅनिकच्या ऑफिसात आहे' असं सांगायच्या, आणि त्यात खोटंही काही नव्हतं.

सीन सुरू झाला. कोळशाची खोली आली. सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला. मग बाई बोलायला लागली.

"इश्श, किती बोलते ही," सासूबाई म्हणाल्या.

ताईने फडक्याची घडी घातली.

"आणि त्याचा आवाज असा काय येतोय गं? घसा बसला असेल बिचाऱ्याचा. तुमच्या ऑफिसात साधं गरम पाणी ठेवत नाहीत का? एवढं राबवून घ्यायचं आणि..."

"आई," पेपरामागून नवरा म्हणाला. पेपर खाली आला होता. "जरा थांब. ती बोलतेय."

सासूबाईंना मुलाने असं कधी थांबवलं नव्हतं. त्या इतक्या चकित झाल्या की थांबल्या. मग खोलीत फक्त ती बँकेतली बाई बोलत राहिली, दिवसभराच्या कामाने दमलेल्या आवाजात, आणि तिघंही ऐकत राहिले. नवऱ्याने एकदा टीव्हीकडे बघितलं, एकदा दाराकडे, आणि पुन्हा टीव्हीकडे. 'आता नीट चालेल' आलं तेव्हा कुणी हसलं नाही, रडलंही नाही. जाहिराती लागल्या.

सासूबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"फाशी नकोच म्हणते मी," त्या अखेर म्हणाल्या. "माझं मत दिलं ते दिलं."

"बरं," ताई म्हणाली.

"पण मला एक सांग. तुझ्या ऑफिसात माहीत असेल. त्या पोरीचा गणवेश कुणी काढला मशीनमधून?"

"ते दाखवलं नाहीये."

"पुढच्या भागात दाखवतील?"

"नाही. पुढच्या भागात त्याची सुटका आहे."

"असं कसं?" सासूबाई जवळजवळ ओरडल्या. "अगं, ओला कपडा आत राहिला तर सकाळपर्यंत वास मारतो. पोर शाळेत काय घालून जाणार? कुणाच्या लक्षात कसं नाही आलं हे, एवढे मोठे लोक बसलेत तिथे?"

ताई पहिल्यांदाच सासूबाईंच्या शेजारी, सोफ्यावर, टेकून बसली.